जखम भरली, घर मात्र अजून त्या सकाळीच आहे

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी आमची ४ वर्षांची मुलगी न्हाणीत कढत पाण्याच्या बादलीत पडली. मी विसणासाठी गार पाण्याची कळशी घ्यायला वळले होते, तेवढ्यात हे घडले. त्वचारोपण झाले, जखमा भरल्या. मात्र व्रणांसाठीचा घट्ट पोशाख चढवताना ती रोज रडते. मला रात्री तिची किंकाळी ऐकू येते. सासूबाई एकदाच म्हणाल्या, “लक्ष कुठे होते?” त्यानंतर तो विषय कोणी काढत नाही. ९ वर्षांचा मुलगा न्हाणीत जायला टाळाटाळ करतो. काय करावे?
– एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, तुम्ही पाठ फिरवलीत ती पाणी निववण्यासाठीच, हे आधी स्वतःला सांगा. एक महिना उलटूनही किंकाळी ऐकू येत असेल आणि झोप उडत असेल, तर तो आघातानंतरचा तणाव असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. तोवर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या मुलाची. मोठी माणसे गप्प बसली की या वयाची मुले स्वतःच कारण शोधतात, आणि ‘मी तिला हाक मारली म्हणून’ किंवा ‘मी दार उघडे ठेवले म्हणून’ असे काहीतरी मनात धरून बसतात. तेव्हा त्याला जवळ घेऊन तो दिवस त्याच्या आठवणीतून ऐका, मध्ये थांबवू नका, आणि शेवटी स्पष्ट सांगा, “पाणी फार गरम होते, तिचा तोल गेला, यात तुझा काहीही दोष नाही.” हे सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आले तरी चालेल. यजमान आणि सासूबाईही तेथे असाव्यात, कारण सासूबाईंच्या त्या एका वाक्यामागेही बहुधा भीतीच होती.

तो पोशाख दिवसाचे सुमारे २३ तास, बहुधा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ घालावा लागतो, त्यामुळे हे काम एकट्या आईवर पडता कामा नये. काही दिवस वडिलांनी चढवावा. आधी कोणता पाय, हे मुलीला ठरवू द्या.

आणि यापुढे बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ते गार पाणी ओतण्याचे काम मुलाकडे द्या. पहिले काही दिवस तुम्ही त्याच्याबरोबर न्हाणीत उभ्या राहा.