दर 31 डिसेंबरला केलेले आध्यात्मिक संकल्प फेब्रुवारीपर्यंतही टिकत नाहीत; ख्रिस्ती माणसाचे नवीकरण खरोखर होते का, आणि कसे?

सलाम. आपण जन्माने ख्रिस्ती आहात, वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत दरवर्षी मनापासून संकल्प करता, आणि तरीही महिनाभरात बायबलवाचन व प्रार्थना मागे पडतात. हे नवीकरण खरे असते की केवळ त्या रात्रीची भावना, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरातील एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे. धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही, परंतु मंडळीच्या बायबल-अभ्यासवर्गाची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि हा प्रश्न तेथे जानेवारीत कोणी ना कोणी विचारतेच. माझे उत्तर असे की नवीकरण निश्चित होते, मात्र ते संकल्पातून होत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्याला ठाऊक असेल. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, फळ मिळत नाही म्हणून झाड तोडायला सांगतो, आणि माळी त्याच्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो. मी याच्याभोवती खणीन आणि खत घालीन, असे तो म्हणतो. या दाखल्यात झाड कसलाही संकल्प करत नाही, शब्द देतो तो माळी. झाडाच्या वाट्याला येते ते मुळाशी चाललेले खणणे सोसणे. आमच्या जिल्ह्यात सांगोल्याकडे डाळिंबाचा आंबे बहार धरणारे शेतकरी वर्षाच्या अखेरीस बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ होऊ देतात, छाटणी करतात, आळी खणून शेणखत घालतात, आणि मगच जानेवारीच्या सुमारास पाणी सोडतात. तेव्हा कुठे फुले धरतात. आपण मात्र 31 तारखेच्या रात्री केवळ पाणी मागतो. ताण नको असतो, छाटणी नको असते, आणि मुळाशी कोणी हात घालावा हे तर मुळीच नको असते.

त्या रात्रीचे महत्त्व मला कमी लेखायचे नाही. मध्यरात्रीची घंटा होते तेव्हा सगळी मंडळी गुडघ्यांवर असते, पाळकसाहेबांचा आशीर्वाद झाला की स्टीलच्या ताटातून वचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या फिरतात, प्रत्येक जण वर्षासाठी आपले वचन उचलतो, लहान मुले आपली चिठ्ठी आजीकडून वाचून घेतात, आणि घरी गेल्यावर ती बायबलच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली जाते. ही प्रथा मला प्रिय आहे. तरीही माझे स्पष्ट मत आहे की त्या ताटात जवळजवळ सगळी वचने आशीर्वादाची असतात. ‘भिऊ नको’ हे सर्वांना मिळते. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही मत्तय 5 मधील आज्ञा कोणाच्याही हाती लागत नाही. त्याही चिठ्ठ्या ताटात असायला हव्यात.

केवळ तारखेने काही बदलत नाही, हे मंडळीच्या पंचांगावरूनही दिसते. मंडळीचे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या सुमारे चार आठवडे आधी सुरू होते, आणि 1 जानेवारी हा नाताळापासूनचा आठवा, बाळ येशूचे नाव ठेवल्याच्या स्मरणाचा दिवस असतो.

नवीकरणाला किती वेळ लागू शकतो, हे पाहायचे असेल तर आपल्याच प्रांतातील एक उदाहरण सांगतो. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त त्यांना अजून गवसला नव्हता. एवढी विदुषी, एवढी प्रामाणिक स्त्री हे लिहिते, तेव्हा जन्माने ख्रिस्ती असलेल्या आपल्यासारख्यांनी आपल्या कोरडेपणामुळे खचून जाण्याचे कारण नाही. याच रमाबाईंनी 1905 च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रिया व मुलींसाठी त्यांनीच उभारलेल्या आश्रमात, आध्यात्मिक जागृतीसाठी विशेष प्रार्थना सुरू केली. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडल्यावर हेच केडगाव स्टेशन लागते. तेथील स्त्रिया आणि मुली दररोज जमत राहिल्या, आणि ज्याला आज आपण मुक्तीचे संजीवन म्हणतो ते जूनच्या अखेरीस सुरू झाले. मुली रडत आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या. जानेवारी ते जून या काळात दाखवण्यासारखे काही नव्हते, रोजची प्रार्थना तेवढी होती. आपण फेब्रुवारीत निराश होता, ते मला म्हणूनच फार लवकर वाटते.

आता खणण्याविषयी. आपल्या अंतःकरणात ठिसूळ माती कोठे आहे आणि खडक कोठे आहे, हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. मी अनेकांच्या प्रार्थना ऐकल्या आहेत. ‘प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा एका विशिष्ट पापाचे नाव घेण्याचे टाळत असतो. आमच्या मंडळीत यंत्रमागाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ आहेत. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून त्यांचे धाकट्या भावाशी बोलणे बंद होते. एका वर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनापूर्वी मत्तयाचा तोच उतारा वाचला गेला, आणि हे गृहस्थ भाकर व प्याला न घेता उठले, चपला घालून थेट भावाच्या घरी गेले. भावाने त्यांना आत घेतले नाही. ते पुन्हा गेले, मग वहिनीमार्फत निरोप धाडला, वाटणीतला आपला एक हट्ट सोडला, आणि ईस्टरच्या सुमारास दोघे एका बाकावर बसलेले आम्ही पाहिले. त्या वर्षी त्यांनी बायबल किती वाचले हे मला माहीत नाही, परंतु त्यांच्या प्रार्थनेतला फरक सबंध अभ्यासवर्गाला जाणवला. आपल्या आयुष्यात अशी एखादी बंद पडलेली बोलचाल, न फेडलेले उसने पैसे किंवा लपवून ठेवलेली सवय असेल, तर सुरुवात तेथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 11 ऑगस्ट 1755 रोजी लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथे करार-नवीकरणाची, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा नव्याने करण्याची, पहिली उपासना घेतली, तेव्हा सुमारे 1800 लोक हजर होते. पुढे मेथडिस्ट मंडळ्यांत ती नववर्षाच्या सुरुवातीला होऊ लागली. त्या करारातील शब्दांचा आशय असा आहे की, मी आता माझा नाही, तुझा आहे; मला कामाला लाव किंवा सोसायला लाव, भरलेला ठेव किंवा रिता ठेव. ‘मी रोज इतके अध्याय वाचीन’ असे तेथे कोणी म्हणत नाही, माणूस स्वतःला स्वाधीन करतो. आपण संकल्पाऐवजी अशी प्रार्थना स्वतःच्या शब्दांत, वहीत लिहून करावी असे मला वाटते.

वाचनाविषयी एक व्यावहारिक गोष्ट. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा संकल्प बहुतेक जण करतात. अध्याय 1189 आहेत, म्हणजे दररोज तीनहून अधिक. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय जानेवारीच्या अखेरीस संपतात, लेवीय पुस्तकातील यज्ञार्पणांचे नियम समोर येतात, आणि तेथे पुष्कळांचे वाचन थांबते. आपलेही फेब्रुवारीत तेथेच अडत असावे. आपण मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. त्याचे 16च अध्याय आहेत. दररोज एक प्रसंग, तोही मोठ्याने आणि शक्य असल्यास घरातल्या कोणासोबत वाचावा, आणि त्यानंतर 51व्या स्तोत्रातील शुद्ध हृदयाची विनंती आपल्या शब्दांत करावी. एखादी सकाळ चुकली तर मागचे भरून काढण्याच्या मागे लागू नये. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते असे विलापगीताचा तिसरा अध्याय सांगतो. नव्या वर्षाची वाट पाहायला तो सांगत नाही.

आणि एवढे करूनही फेब्रुवारीत सगळे विस्कटले, तर पुढच्या 31 डिसेंबरपर्यंत थांबू नका. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 4 फेब्रुवारी ते 10 मार्च यांच्या दरम्यान येतो, म्हणजे आपले संकल्प जेव्हा गळून पडतात नेमक्या त्याच सुमारास पश्चात्तापाचे 40 दिवस मंडळी आपल्यापुढे ठेवते. त्याच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेबांची वेळ मागून घ्या, आणि ज्या एका गोष्टीचे नाव आपण आजवर घेतले नाही, ती त्यांच्यासमोर बोला.