वाचकांचे प्रश्न : कपाट, तबकडी आणि स्पिरिटचा बोळा

प्रश्न : पंचवटीतील आमचा जुना वाडा दिवाळीनंतर उतरवला जाणार असून आम्ही गंगापूर रोडवरील दोन खोल्यांच्या सदनिकेत जाणार आहोत. वडिलांच्या वेळचे शिसवी कपाट, वेताची आरामखुर्ची आणि पेटीसारखा मिटणारा चावीचा ग्रामोफोन यांचे काय करावे, यावरून घरात मतभेद आहेत. कपाट यंत्राने घासून मेलामाइन पॉलिश मारले की नवे दिसेल, असे सुतार म्हणतो. ग्रामोफोन चालतो, पण मध्येच आत ‘धप्प’ असा आवाज होऊन सूर हलतो. चाळीसेक तबकड्यांवर पांढुरकी बुरशी आली आहे. ती स्पिरिटने जाते, असे शेजाऱ्यांनी सुचवले आहे. मुलगा म्हणतो, ही गाणी मोबाइलवर ऐकता येतात. आम्ही उगाच जीव गुंतवून बसलो आहोत का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम तो स्पिरिटचा बोळा खाली ठेवावा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. कुसुंब, पळस, बोर अशा झाडांवरील किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून त्या घडवल्या जात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे बुरशीबरोबर गाणेही पुसले जाईल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्रव साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ फडके घट्ट पिळून, रेघांच्या दिशेने गोल पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि लगेच कोरडे करावे.

गंमत अशी, की आपल्या कपाटावरचे जुने पॉलिशही बहुधा हीच लाख आहे. पूर्वीचे कारागीर लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने हलक्या हाताने थरावर थर चढवत. खात्री करायची असल्यास दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब सोडून पाहावा. जागा चिकट झाली तर पॉलिश लाखेचे आहे. म्हणजे जे द्रव्य तबकडीचा घात करते, तेच कपाटाला तारते, कारण नव्या थरातील स्पिरिट जुना थर किंचित मऊ करते आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून यंत्राने घासण्याची गरज नाही. पन्नास-साठ वर्षांच्या हातांनी लाकडाला आलेला काळसर तुकतुकीतपणा घासपट्टीखाली एका दुपारीत जातो आणि तो कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही. ‘नव्यासारखे’ करून हवे असेल तर नवेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कपाट लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून करवत चालवण्यापूर्वी सांधे पाहावेत. अशी मोठी कपाटे पुष्कळदा पाचरांवर आणि खुंट्यांवर बसवलेली असतात व सुटी होतात. सोडवताना प्रत्येक भागाच्या आतल्या अंगाला खडूने क्रमांक घालावा. आरामखुर्चीचा वेत झोळ पडून खाली आला असेल, पण तुटला नसेल, तर त्याची खालची बाजू कोमट पाण्याने भिजवून सावलीत वाळवावी. वाळताना तो आवळून येतो.

आता ग्रामोफोन. तो ‘धप्प’ आवाज बहुतेक वेळा स्प्रिंगच्या डब्यातील ग्रीस वाळल्याने येतो. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटले की धक्का बसतो. हा डबा घरी मुळीच उघडू नये, कारण आतली गुंडाळलेली पोलादी पट्टी उसळून हात फाडू शकते. जाणत्या कारागिराकडून ती धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावे. पोलादी सुई दर बाजूला बदलावी. तबकडीतील दगडाची पूड सुईला रेघेच्या आकारात झिजवण्यासाठीच असते आणि झिजलेली सुई पुढच्या तबकडीला ओरबाडते. सुई जिच्यात बसते ती शंभर ग्रॅमहून अधिक वजनाची गोल डबी, म्हणजे साउंडबॉक्स, नंतरच्या विनाइलच्या तबकडीवर मात्र एकदाही ठेवू नये. ठेवणीतील तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आणि नाशिकचा एप्रिल लक्षात घेता माळ्यावर तर नकोच.

‘मोबाइलवर ऐकता येते’ हे खरे आहे, आणि मुलाला त्याबद्दल दोष देऊ नये. तरीही एक गोष्ट मोबाइलवर कळत नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटे चालते, आणि बड्या गवयालाही राग तेवढ्यात मांडावा लागे. पं. द. वि. पलुस्कर नाशिकलाच १९२१ साली जन्मले आणि १९५५ साली, अवघे चौतीस वर्षांचे असताना गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या याच जातीच्या आहेत. आपल्या चाळीसांत त्यांची एखादी असेल, तर चावी भरून, नवी सुई लावून मुलाला एकदा ऐकवावी आणि संपल्यावर बाजू त्यालाच उलटू द्यावी.

विकायचाच झाला, तरी घाई नको. चकचकीत पितळी कर्णा लावलेले नवे जोडकाम ‘अस्सल जुने’ म्हणून बाजारात सर्रास खपते. आपली मिटणारी पेटी दिसायला साधी असली, तरी वडिलांपासून घरातच असल्याने तिच्या खरेपणाबद्दल शंका नाही. जागेची अडचण खरीच असेल, तर माझी पसंती खुर्ची आणि ग्रामोफोन यांना, कारण त्यांचा रोज उपयोग होईल. कपाट नात्यातील मोठ्या घरात गेले तरी चालेल.

प्रश्न : आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची १९८७ सालची एक कॅसेट आहे. टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले यंत्र) चालू केला की मोटर फिरते, पण कॅसेट हलत नाही. दुरुस्ती करावी की नवे यंत्र घ्यावे?
— एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर : आतला रबरी पट्टा सैल पडला असावा किंवा विरघळून डांबरासारखा झाला असावा, तो बदलणे स्वस्त काम आहे. मात्र दुरुस्त झालेल्या यंत्राची पहिली परीक्षा आजींच्या कॅसेटवर घेऊ नये. एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून पाहावी, फितीवरचा आवाज वाचणारे हेड साफ करून घ्यावे आणि मगच ओव्या लावून त्याच वेळी त्यांची संगणकावर नक्कल करून घ्यावी. टेपला दाबून धरणारी आतली फेल्टची छोटी गादी गळून पडली असेल, तर आवाज पुसट येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते. हे सारे करण्यापूर्वी, आजच, कॅसेटच्या मागच्या कडेवरील प्लास्टिकच्या दोन्ही चौकोनी कळ्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून कुणाचा हात गेला तरी रेकॉर्डचे बटण खाली दबणार नाही.