तो फुटबॉल, पण हाताने खेळायचा

प्रश्न : भाचा अमेरिकेत शिकतो, सारखं एलएसयूचा २०१९ चा सीझन एलएसयूचा २०१९ चा सीझन करत असतो. कॉलेजच्या टीमचं एवढं काय कौतुक? – एक मामा, सांगली

उत्तर : मामा, कौतुक आहेच हो! एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, तिची ही अमेरिकन फुटबॉलची टीम त्या सीझनला १५ पैकी १५ मॅच जिंकली. त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल टाकून डाव चालवणारा) जो बरो, आधी ओहायो स्टेटला नुसता बाकावर बसलेला पोरगा, त्याने सीझनभरात ६० टचडाउन पास टाकले (म्हणजे पकडणारा थेट शेवटच्या रेषेपार, ६ पॉइंट!) आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी पण नेली. पण भाच्याला टेक्सासची मॅच विचारा. शेवटची काही मिनिटं, एलएसयू फक्त ६ पॉइंटने पुढे, थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आणि बॉल आपल्याकडे ठेवायला १७ यार्ड पुढे जायला पाहिजे, म्हणजे जवळपास अशक्यच, टेक्सासवाले चारी बाजूंनी धावून आलेत आणि हा गडी पळायचं सोडून दोन पावलं पुढे सरकतो, बॉल साथीदार जस्टिन जेफरसनकडे आणि तो थेट ६१ यार्ड, टचडाउन! ती मॅच ४५-३८. पुढे अलाबामाला त्यांच्याच घरी हरवलं, फायनलला क्लेमसनला ४२-२५. आणि हो, हेल्मेटवाला फुटबॉल आहे हा, मेस्सीवाला नाही, भाच्यासमोर घोळ घालू नका.