रस्त्यावरची मांजर घरात आणली, पाच दिवस झाले पलंगाखालून निघत नाही. काय करू?

आज रात्रीपासून पलंगाखाली हात घालणं बंद करा. बाकीचं सावकाश.

तुम्ही लिहिलंय की बसस्टँडजवळची वर्षभराची मादी आहे, हात नेला की फिसकारते, रात्री दोन-तीनला दाराशी येऊन ओरडते, आणि घरचे म्हणतात सोडून द्या. यातल्या लपण्याची आणि फिसकारण्याची मला मुळीच काळजी वाटत नाही. दाराशी ओरडणं मात्र तपासायला हवं, त्याबद्दल पुढे लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. घर मातीचं, वर कौलं. दोन वर्षांपूर्वी तुरी सोंगायच्या दिवसांत कुत्र्यांनी एक मांजर पिटाळत आमच्या गोठ्यात आणली. मी तिला सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घरात आणलं आणि मोकळं सोडलं. आता हे सगळं घर तुझंच बाई, असा माझा मोठेपणा. तिनं सरळ आढं गाठलं आणि दोन दिवस तिथून खाली उतरलीच नाही. तिसऱ्या रात्री केव्हातरी उतरली आणि मागच्या खोलीतल्या कापसात शिरली. भाव यायची वाट पाहत छातीएवढा कापूस भरून ठेवला होता आम्ही, त्यात तिनं बोगदा केला. सासूबाई माझ्या मागं लागल्या, "काढ तिले तिथून! कापसात मुतन थे, मंग व्यापाऱ्याले काय सांगशीन?"

मी हात घातला. मनगटावर चार ओरखडे आणि एक दात.

हे तुमच्या बाबतीत होऊ शकतं, म्हणून सांगते. मांजर चावली किंवा नखानं रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि रेबीजच्या लसीचे सगळे डोस सांगितलेल्या तारखांना पूर्ण करायचे. भटक्या मांजरीपासूनही रेबीज होतो. आमच्या गावात अजून अर्ध्या लोकांना तो फक्त कुत्र्याचा रोग वाटतो.

त्या कापसानं मला जे शिकवलं तेच तुम्हाला सांगायचं आहे. तिला ऊब हवी होती, आवाज दबलेला हवा होता आणि पाठीमागून कोणी येणार नाही याची खात्री हवी होती. आपण तिला अख्खं घर देतो, तेव्हा भांड्यांचे, टीव्हीचे, पोरांच्या धावण्याचे इतके आवाज देतो की तिला पळायचं कुठं हेच कळत नाही. म्हणून एकच खोली द्या, घरातली सगळ्यात कमी वर्दळीची. पलंगाखाली एक खोका आडवा ठेवा, आत जुनं गोधडीचं फडकं, तोंड भिंतीकडे. ती लपणार असेल तर तुम्ही दिलेल्या जागी लपू द्या. फक्त आता ऊन वाढतंय. टिनाच्या खोलीत दुपारी कोंडू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात ती भट्टीच असते. कूलर लावायचा तर आधी दोन दिवस हळू चालवा, एकदम घरघराट नको.

आम्ही कापूस एका कोपऱ्यात ओढून घेतला, वर ताडपत्री टाकली, थोडा कापूस पोत्यात भरून तिच्यासाठी सोडला. सासूबाई तरीही रोज येऊन वास घेऊन जात.

शी-शूसाठी जुनं घमेलं घ्या आणि त्यात नदीची वाळू भरा. काळी माती ओली झाली की पायाला चिकटते, मग ती तिथं जात नाही. घमेलं खाण्यापासून लांब ठेवा, जेवते तिथं मांजर घाण करत नाही. आणि बाहेर कुठं केलं तर फिनाइलनं पुसू नका. मांजरीला ते विषारी असतं, पंजे चाटताना पोटात जातं. साबणाचं पाणी पुरतं.

खाण्याबद्दल एक गैरसमज आधी काढते. दूध-भाकर हे मांजरीचं अन्न नाही. मोठ्या मांजरींपैकी बहुतेकींना दूध पचत नाही, हगवण लागते, आणि भाकरीवर ती जगते म्हणजे तिला ती पुरते असं नाही. मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं द्रव्य तिच्या शरीराला लागतंच. ते नसेल तर पुढे डोळे आणि हृदय बिघडतं. मिठाशिवाय उकडलेली कोंबडी, हाडं काढून, किंवा तालुक्याला मिळतं ते पाकिटातलं मांजरांचं खाद्य द्या. अंडं अधूनमधून. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको. आमच्या सासूबाई माळकरी, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. मग मी मागं सांदवाडीत तीन विटा मांडून वेगळं भांडं ठेवलं. महिन्याभरानं त्याच म्हणायला लागल्या, "झालं का व तिचं? भुकेली असन थे."

आता तुमचं रोजचं काम. ठरलेल्या वेळी वाटी ठेवा, दारापाशी बसा आणि तिच्याकडे पाहू नका. मी लसूण सोलायची, तूर निवडायची, हळू आवाजात काहीतरी बोलत राहायची. चुकून नजर भिडली तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. आपल्याकडे मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून तिला लबाड ठरवलंय, पण हळू मिटलेले डोळे मांजरीच्या भाषेत भांडण नसल्याची खूण आहे. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली हे तपासलं होतं. अनोळखी माणसानं असे डोळे मिचकावले तर मांजरी त्याच्याकडे जास्त येत होत्या.

आमची अकराव्या दिवशी माझ्यासमोर जेवली. अंगभर कापसाचे धागे घेऊन बाहेर आली म्हणून तिचं नाव सरकी ठेवलं. चौथ्या आठवड्यात तिनं स्वतःहून माझ्या पायाला गाल घासला, तेव्हा पहिल्यांदा हात लावला, तोही फक्त गालापाशी. पोटाला नाही, डोक्यावरून नाही.

आता रात्रीचं ओरडणं. याची तीन कारणं असू शकतात. एक, निव्वळ सवय: मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागी असते. संध्याकाळी सुतळीच्या टोकाला चिंधी बांधून ती खोलीत ओढत फिरवा, मग जेवू घाला, झोपेल. दोन, माजावर आली असेल. तीन, आणि हे आजच पाहा: ती आडवी झाली की पोटाकडे नजर टाका. सड फुगलेले, गुलाबी, भोवतालचे केस गेलेले दिसले तर तिची पिलं बसस्टँडवर कुठंतरी असू शकतात. मग ती दाराशी ओरडते ते तुमच्यावर रुसून नाही. अशा वेळी पिलं शोधून तिच्याजवळ आणा; सापडली नाहीत तर तिला जिथून आणलं तिथं सोडून लांबून लक्ष ठेवा, ती स्वतः दाखवेल. पिलं दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाला फार लवकर सरावतात, तीही रुळतील.

पिलं नसतील तर महिना-दीड महिन्यानं नसबंदी करून घ्या. गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो, थांबाल तर वर्षात घर भरेल. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होईलच असं नाही, तिथं गाई-बकऱ्यांची गर्दी. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत विचारा, आणि लसीही तिथंच विचारून घ्या. नेताना पोत्यात कोंबू नका. टमाट्याचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून बांधा, वरून चादर टाका. अंधारात ती शांत बसते.

आणखी दोन गोष्टी घरात आधीच उचलून ठेवा. उंदराचं औषध: ते खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला तरी विष तिच्यापर्यंत पोचतं. आणि तापाची पॅरासिटामॉल: मांजरीला ती अर्धी दिली तरी जीव जाऊ शकतो. मांजर मलूल दिसली म्हणून दया येऊन गोळी देणारे लोक मी पाहिलेत.

तुमची मांजर कायम घरातच राहील का, तर मला खरंच वाटत नाही, निदान खेड्यात. सरकी दिवसा गोठ्यात असते, रात्री सासूबाईंच्या पायाशी. माझ्या मांडीवर आजवर एकदाही बसलेली नाही. घरच्यांना म्हणा, महिनाभर थांबा, मग ठरवू.

बाकी पाच दिवस म्हणजे काहीच नाही, पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. सकाळी वाटी रिकामी असते का? असेल तर निश्चिंत राहा. सलग दोन दिवस कणही खाल्ला नसेल तर वाट पाहू नका, उपाशी मांजरीच्या यकृतावर चरबी चढते आणि मग तिला वाचवणं अवघड होतं. तेवढं उद्या सकाळी बघून इथं कळवा.