आईच्या निधनानंतर तिच्या शुश्रूषेची थकबाकी मुलांना फेडावी लागते का?

शुश्रूषा केंद्र आईच्या शेवटच्या पाच महिन्यांची थकबाकी मागत आहे आणि बहिणीनेही त्याआधी दोन वर्षे आईला सांभाळल्याचे पैसे मागितले आहेत, तेव्हा हे सारे आपल्या खिशातून जाणार का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही, पण वडिलांच्या पश्चात याच फेऱ्यातून गेलो आहे.

देणे आईचे असेल तर ते तिच्या मिळकतीतून फिटते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे मृत व्यक्तीविरुद्धचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम निवाडा) वारसाकडून वसूल करता येतो, पण मृताची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली आणि रीतसर खर्ची पडली नाही, तेवढ्यापुरताच. वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या एकाच आधारावर वसुली करण्याची वाटही हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद केली.

म्हणून सर्वांत आधी केंद्राचा प्रवेश अर्ज मिळवा. त्यावर आपण केवळ नातेवाईक म्हणून सही केली आहे की जामीनदार म्हणून, यावर बहुतेक सगळे अवलंबून आहे. जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, मूळ ऋणकोइतकीच असते आणि ती आईच्या मिळकतीपुरती मर्यादित राहत नाही. घाईत, रुग्णाला खुर्चीत बसवून ठेवलेले असताना केलेली सही सहसा कोणी वाचून केलेली नसते.

मिळकत अपुरी असेल तर क्रमाला महत्त्व येते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि मृत्युशय्येचा खर्च, ज्यात वैद्यकीय उपचारांची फी व मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च येतो, सर्व कर्जांच्या आधी द्यायचा असतो. त्यानंतर प्रशासनपत्र (मिळकतीचा कारभार पाहण्याचा न्यायालयाने दिलेला अधिकार) वगैरे मिळवण्याचा खर्च, मग घरकाम करणाऱ्या नोकराचे शेवटच्या तीन महिन्यांचे थकलेले वेतन, आणि त्यानंतर इतर देणी. म्हणजे केंद्राच्या पाच महिन्यांपैकी शेवटच्या महिन्यालाच हे अग्रस्थान मिळते. बाकीचे चार महिने इतर धनकोंच्या रांगेत उभे राहतात.

बिल मात्र दिवसागणिक तपशिलासह मागा. आमच्याकडे आलेल्या बिलात वडील रुग्णालयात दाखल असतानाचे अकरा दिवसही खोलीभाड्यासह लावले होते. डिस्चार्ज कार्डावरच्या तारखा समोर ठेवल्यावर ते वगळले गेले. तपासणी पूर्ण होईपर्यंत रक्कम मान्य असल्याचे काहीही लिहून देऊ नका, कारण मुदतीत दिलेल्या लेखी कबुलीने तीन वर्षांची दाव्याची मुदत पुन्हा नव्याने सुरू होते.

बहिणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आधी मोबदला ठरला नसेल तर मुलीने केलेली सेवा ही आपुलकीने केलेली समजली जाण्याचीच शक्यता अधिक, त्यामुळे तिचे येणे सिद्ध होणे अवघड. मात्र औषधांसाठी तिने स्वतःच्या खात्यातून भरलेल्या पैशांच्या पावत्या असतील, तर त्या वेगळ्या काढून बघा. आम्ही भावंडांनी तेवढी रक्कम वाटणीपूर्वीच बाजूला काढली आणि तसे वाटणीपत्रात लिहून घेतले.