रोजच्या वापरासाठी स्वस्तातला कर्व्ह्ड मॉनिटर घ्यायचाय, काय बघू?

आधी आकार ठरवा. २४ इंचीला बाक असून नसल्यासारखाच. खरा फरक ३४ इंची अल्ट्रावाइडवर, म्हणजे जास्त रुंद स्क्रीनवर जाणवतो. २७ इंची घेणार असाल तर फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल) नकोच. इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. दिवसभर वाचायचं तर २५६० बाय १४४० घ्या, पैसे तिथेच घाला.

१५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा बाक. १८००आर त्याहून सौम्य, रोजच्या कामाला तोच बरा. स्वस्तातले कर्व्ह्ड बहुतेक व्हीए पॅनेलचे (एलसीडी स्क्रीनचा एक प्रकार) असतात. काळा रंग मस्त गडद, पण डार्क मोडमध्ये स्क्रोल केलं की अक्षरांमागे सावली ओढली जाते. नकाशे, ड्रॉइंग करत असाल तर मात्र सपाटच घ्या. आणि स्टँडची उंची बदलते का, हेही बघा.