जिवाणूच्या आरएनएवरचे मिथाइल: तुमचे प्रश्न

एरिथ्रोमायसीन दिलं की जिवाणूच्या रायबोसोमल आरएनएवर मिथाइल लागतात, असं शिकवलं. औषधच लावतं का ते? (बी.एस्सी. विद्यार्थिनी, वाशीम)

नाही. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा गट. तो लावतो ‘एर्म’ हा जिवाणूचाच एन्झाइम. एरिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक जिवाणूचा रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, अडवतं. रायबोसोमच्या ‘२३एस’ नावाच्या आरएनएवर २०५८ क्रमांकाचा अ‍ॅडेनिन (आरएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी एक) आहे (क्रमांक ई. कोलायच्या गणतीनं). नवं प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडतं, तिथं याच अ‍ॅडेनिनला टेकून एरिथ्रोमायसीन बसतं. एर्मनं त्यावर दोन मिथाइल चिकटवले की औषधाला बसायला जागा उरत नाही.

मग औषधाचा हात कुठं? काही जिवाणूंत एर्मचा संदेश घडी पडून झाकलेला असतो. त्याच्या आधी एक चिमुकली साखळी वाचली जाते. ‘एर्म-सी’ या एर्मच्या एका प्रकारात ती १९ अमिनो आम्लांची. औषध अडकलेला रायबोसोम ही साखळी वाचताना मध्येच थबकतो, घडी उलगडते आणि एर्म तयार होऊ लागतो.

पुवाच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस: एरिथ्रोमायसीन ‘आर’, क्लिंडामायसीन ‘एस’. रिपोर्ट तसाच द्यावा का? (लॅब टेक्निशियन, पुसद)

‘आर’ म्हणजे जिवाणू औषधाला दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो. पण डी-टेस्ट (दोन्ही औषधांच्या डिस्क शेजारी ठेवून केलेली तपासणी) केल्याशिवाय देऊ नका. एर्म क्लिंडामायसीनलाही निकामी करतो, पण क्लिंडामायसीनला एर्म चालू करणं जमत नाही, म्हणून त्याची एकटी डिस्क ठेवली तर झोन (डिस्कभोवतीची जिवाणू न वाढलेली जागा) छान मोठा दिसतो. उपचारात मात्र एर्म कायम चालू असलेले म्युटंट उरतात आणि जखम पुन्हा वाहू लागते.

जिवाणूंचं सस्पेन्शन ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं प्रमाण), म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड. एरिथ्रोमायसीन १५ मायक्रोग्रॅम, क्लिंडामायसीन २ मायक्रोग्रॅम. दोन डिस्कच्या कडांमध्ये १५ ते २६ मिमी अंतर. १६ ते १८ तासांनी क्लिंडामायसीनच्या झोनची एरिथ्रोमायसीनकडची बाजू चपटी, म्हणजे ‘डी’ अक्षरासारखी दिसली, तर क्लिंडामायसीनही ‘आर’ लिहा. अंतर जास्त पडलं तर चपटेपणा दिसतच नाही. सगळ्यात जास्त चूक इथंच होते.

आपल्याकडची खास अडचण मे महिन्यातली. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ४३ अंशांवर गेली की काट्यावर ३५ लावून काही उपयोग नाही, प्लेट बिघडतेच. आत थर्मामीटर ठेवून सकाळ-दुपार नोंद घ्या. लाइन जाऊन फ्रीज बंद पडला असेल, तर त्या डिस्क एटीसीसी २५९२३ या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या प्रमाणित वाणावर तपासूनच वापरा. आणि फ्रीजमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं आणि डिस्क ओलसर होतात.

धानाच्या करप्यावर दरवर्षी कासुगामायसीन मारतो. याचीही सवय होते का? (शेतकरी, गोंदिया)

होते. करपा ही बुरशी आहे, तिची तऱ्हा वेगळी. जपानमध्ये १९७० च्या दशकातच ती या औषधाला दाद देईनाशी झाली होती. हेच औषध जिवाणूंवरही चालतं, आणि त्यांच्यात मात्र वरच्या एर्मच्या गोष्टीच्या नेमकं उलट घडतं. रायबोसोमच्या ‘१६एस’ या दुसऱ्या आरएनएच्या शेवटाकडे १५१८ आणि १५१९ हे शेजारचे अ‍ॅडेनिन आहेत. ‘केएसजीए’ एन्झाइम त्या दोघांवर मुळातच दोन-दोन मिथाइल लावून ठेवतो. हा जनुक मोडला, मिथाइल गेले, की कासुगामायसीनची पकड सुटते. औषध मिथाइल खरवडून काढत नाही. तसे मोडके जिवाणू थोडे आधीच असतात, फवारणीत तेवढेच तगतात. पण त्यांच्या रायबोसोमची जुळणी कच्ची राहते, वाढही मंद. फवारणी थांबली की ते मागं पडतात.

म्हणून एका हंगामात लागोपाठ कासुगामायसीनच नको. मधली फवारणी वेगळ्या गटाच्या औषधाची घ्या. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा पातळ मारून बचत करू नका.